वाचकांचे प्रश्न : तीन गॅलनच्या पंपात औषध किती घालावे?

प्रश्न : आजोबांच्या वेळचा पितळी फवारणी पंप आमच्याकडे अजून चालतो. टाकीवर ‘३ गॅलन’ असे कोरलेले आहे, तर औषधाच्या बाटलीवर ‘लिटरला २ मिली’ असे प्रमाण असते. मोबाइलवर एका ठिकाणी गॅलन म्हणजे ३.७८५ लिटर, तर दुसऱ्या ठिकाणी ४.५४६ लिटर असे सापडले. यातले खरे कोणते?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, पहिला अमेरिकन गॅलनचा आहे आणि दुसरा ब्रिटिश, म्हणजे इंपीरियल गॅलनचा. पूर्वी इंग्लंडात वाइन, बिअर आणि धान्य यांच्यासाठी निरनिराळे गॅलन होते. त्यांपैकी अ‍ॅन राणीच्या काळात कायद्याने ठरवलेला २३१ घनइंचांचा वाइन गॅलन अमेरिकेने स्वातंत्र्यानंतरही चालू ठेवला. ब्रिटनने मात्र १८२४च्या कायद्याने हे सगळे गॅलन मोडीत काढले आणि ६२ अंश फॅरनहाइट तापमानाचे १० पौंड पाणी जेवढी जागा व्यापते, तेवढा एकच नवा गॅलन ठरवला.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि ती मापे १९५८पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. त्यापूर्वीच्या वस्तूवरील गॅलन बहुधा ब्रिटिशच असतो, म्हणून आपल्या पंपात सुमारे १३.६ लिटर पाणी मावत असावे आणि त्यास २७ मिली औषध लागेल. गॅलन अमेरिकन धरला, तर हिशेब ११.४ लिटर आणि २३ मिली असा येतो, म्हणजे फवारा मागितल्यापेक्षा पातळ होतो. पंप अमेरिकन बनावटीचा निघाला आणि आपण ब्रिटिश आकडा धरला, तर उलट औषध पाचव्या हिश्श्याने जास्त पडेल. द्राक्षाला जीए (जिबरेलिक अ‍ॅसिड हे वाढीचे संजीवक) देताना तर आपण पीपीएममध्ये, म्हणजे लिटरला इतके मिलिग्रॅम असे मोजतो. तिथे एवढा फरक चालवून घेता येणार नाही.

कोरीव अक्षरांवर विसंबण्यापेक्षा वजनकाट्यावर खात्री करून घेणे उत्तम. रिकामा पंप तोलावा, रोजच्या खुणेपर्यंत साधे पाणी भरून पुन्हा तोलावा. वजनात जितक्या किलोचा फरक पडेल, व्यवहारापुरते तितके लिटर पाणी समजावे. फरक साडेतेरा किलोंच्या आसपास आला तर गॅलन ब्रिटिश, साडेअकराच्या आत राहिला तर अमेरिकन. मग लिटरचा आकडा ऑइलपेंटने टाकीवर लिहून ठेवावा, म्हणजे फवारणीला येणाऱ्या गड्याला पुन्हा विचारावे लागणार नाही.

प्रश्न : मुलीने न्यू जर्सीहून केकची कृती पाठवली आहे. तीत दूध ‘१ पिंट’ आणि मैदा ‘८ औंस’ लिहिला आहे. मोजायचे कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : कृती अमेरिकन असल्यामुळे दूध ४७३ मिली घ्यावे. ब्रिटिश पुस्तकातील पिंट ५६८ मिलीचा असतो, कारण तो २० द्रव औंसांचा आहे आणि अमेरिकन १६ द्रव औंसांचा. गंमत अशी की एकेक औंस पाहिला तर अमेरिकन औंसच मोठा भरतो : तो २९.६ मिलीचा, तर ब्रिटिश २८.४ मिलीचा. मैद्याचा औंस मात्र वजनाचा धरावा, म्हणजे ८ औंस बरोबर २२७ ग्रॅम. मेजरिंग कपने ‘८ औंस’ मैदा भरला, तर तो यापेक्षा बराच कमी भरतो आणि केकचे मिश्रण पातळ राहते.

प्रश्न : लंडनचा भाचा म्हणतो की त्याची गाडी गॅलनला ४० मैल जाते. आपल्या भाषेत हे अ‍ॅव्हरेज किती झाले?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : लिटरला साधारण १४ किलोमीटर. ब्रिटनमध्ये पेट्रोल लिटरनेच विकले जाते, परंतु अ‍ॅव्हरेज अजूनही मैल आणि इंपीरियल गॅलनमध्ये सांगतात; म्हणून त्या आकड्याला ०.३५४ने गुणावे. हेच ४० मैल अमेरिकेतल्या कोणी सांगितले असते, तर ०.४२५ने गुणून १७ किलोमीटर आले असते.