नऊ किल्लीची घड्याळं आणि सहा हजारांची शिल्लक

कॉव्हेंट्रीत राहणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न: 'घर रिकामं करणाऱ्या एका विक्रेत्याकडे किल्लीनं चावी द्यायची नऊ इंग्लिश चांदीची खिशातली घड्याळं आहेत. सगळी मिळून 2,700 पौंड मागतो. बँकेत अडीअडचणीसाठी ठेवलेले 6,000 आहेत, त्यातून घ्यावीत का? मुलगा पाच वर्षांनी विद्यापीठात जाईल, तेव्हा विकता येतील. महिन्याचा खर्च 2,100 आहे. दुरुस्तीचा अंदाज एका घड्याळाला 180 मिळालाय. विक्रेता म्हणतो, सगळी चालतायत आणि चांदी चढतेय. एक शंका: चांदीवर ठोकलेल्या छापांमध्ये व्हिक्टोरिया राणीचं डोकं कुठेच नाही. माल नकली असेल का?'

शंकेचं उत्तर आधी. डोकं नाही हे बरोबरच आहे. तो छाप चांदीवरचा कर भरल्याचा होता आणि घड्याळांच्या केसवरचा (म्हणजे बाहेरच्या चांदीच्या कवचावरचा) कर 1798 मध्येच माफ झाला. बघायचं ते वेगळं. चालत्या पावलाचा सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग चांदी. शहराचा छाप: बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर, लंडनचं बिबट्याचं तोंड, चेस्टरची तलवार आणि गव्हाच्या तीन पेंढ्या. शिवाय वर्षाचं अक्षर. मात्र तेच अक्षर प्रत्येक शहरात वेगळ्या वर्षाचं, म्हणून शहर ठरल्याशिवाय वर्ष वाचू नका. छाप दोन्ही झाकणांच्या आत असतात. अक्षरं जुळली नाहीत तर एक झाकण दुसऱ्या घड्याळाचं आहे.

तबकडीवरच्या नावावर मात्र भाळू नका. ते बहुतेकदा विकणाऱ्या दुकानदाराचं असतं. यंत्राचा कच्चा सांगाडा बहुधा इंग्लंडातल्याच प्रेस्कॉट गावाहून आलेला असायचा.

आता पैशांचं. 2,700 भागिले नऊ, म्हणजे एक घड्याळ 300 ला. दुरुस्तीचा तुम्हाला मिळालेला अंदाज एका घड्याळाला 180. सगळी करून घेतलीत तर एक पडतं 480 ला. पाच वर्षांनी लिलावात विकताना 15 टक्के कमिशन आणि त्यावर 20 टक्के व्हॅट धरला तर बोलीतले 18 टक्के कापले जातील. हातात 480 यायला बोली 585 वर जायला हवी, आणि एवढं होऊनही नफा शून्यच. तिथे घेणाऱ्याच्या डोक्यावरही वेगळं कमिशन पडतं, बऱ्याचदा 30 टक्क्यांच्या आसपास, म्हणून तोही हात आखडूनच बोली लावतो. साधी चांदीची किल्लीची घड्याळं इंग्लंडात पैशाला पासरी नसली तरी दुर्मिळही नाहीत.

'चांदी चढतेय' हा विक्रेत्याचा मुद्दा ताजव्यावर तोलून बघा. पूर्ण घड्याळाचं वजन धरू नका, त्यात पितळी यंत्र आणि काच आली. नुसती केस 60 ग्रॅमची धरली तर शुद्ध चांदी साडेपंचावन्न ग्रॅम. नऊ मिळून जेमतेम अर्धा किलो. त्या दिवसाच्या भावानं मोडीची किंमत काढा आणि 2,700 शेजारी लिहा.

'चालतंय' या शब्दालाही किंमत देऊ नका. तेल सुकलेलं घड्याळसुद्धा टिकटिकतं आणि प्रत्येक टिकटिकीला आसाची टोकं झिजवतं. काचेची कड उघडून यंत्र बिजागरीवर बाहेर काढायला सांगा, आतलं पितळी झाकण सरकवा. दोन पट्ट्यांच्या मधे सायकलच्या चेनसारखी, पण दोऱ्याएवढी बारीक साखळी दिसेल. ती शंकूच्या आकाराच्या फ्यूजीवर गुंडाळली जाते. तुटून जोडलेली कडी भिंगातून ओळखू येते. किल्ली ज्यावर बसते तो चौकोनी खुंट, म्हणजे किल्लीचा चौकोन, गोल झालाय का तेही पाहा, सैल किल्ली वापरल्याची ती खूण. झाकणातलं किल्लीचं भोक चौकोनाच्या बरोबर वर नसेल तर यंत्र परक्या केसमध्ये बसवलंय. इंग्लिश फ्यूजीला चावी बहुतेक वेळा काट्यांच्या उलट दिशेनं द्यायची असते. अडलं की थांबा. जोर लावलात तर साखळी तरी जाते नाहीतर जास्त चावी रोखणारा अटकाव तरी मोडतो, आणि 180 चा अंदाज तिथेच संपतो.

करात एक गंमत आहे. ब्रिटिश कर खातं घड्याळाला यंत्र मानतं, आणि यंत्र झिजणारी मालमत्ता; म्हणून वैयक्तिक संग्रहातलं घड्याळ विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफा कर नाही. पण तोटा झाला तर तोही कुठे वळता करून घेता येत नाही. घेऊन, दुरुस्त करून, विकत राहिलात तर तो धंदा धरला जातो. वर्षाला 1,000 पौंडांपर्यंतची विक्रीच मोकळी. मुंबईच्या चोरबाजारातून स्वस्तात आणायचा विचार मनात असेल तर सोडा. शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खासगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाहीत, 1972 चा कायदा आहे.

माझं उत्तर: हा गठ्ठा घेऊ नका. 6,000 म्हणजे तुमचे तीन महिनेही नाहीत. 2,700 काढलेत तर दीड महिना उरतो, आणि ती रक्कम नोकरी गेली तर घरभाड्यासाठी आहे. मुलाच्या पैशाला तारीख आहे, घड्याळाला गिऱ्हाईक मिळण्याची तारीख नाही. ते 6,000 हवे तेव्हा काढता येतील अशा बचत खात्यात किंवा आयसाच्या (व्याजावर कर नसलेल्या बचतीच्या) रोख खात्यात राहू द्या.

हौस खरी असेल तर महिन्याच्या बचतीतून 50 बाजूला टाका. सहा महिन्यांनी एकच घ्या: चेस्टरच्या छापाचं, मूळ केसमधलं, तबकडीला केसाएवढीही चीर नसलेलं. विक्रेता शनिवारपर्यंतच थांबणार म्हणत असेल तर नऊतलं सर्वात चांगलं एक सुटं देतो का, एवढंच विचारा. नाही म्हणाला तर नमस्कार करून निघा.