रंकाळ्याच्या पाण्याचा डीओ ११ आणि बीओडी १४ : रिपोर्ट चुकलाय का?

रिपोर्ट चुकलेला वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की प्रोजेक्टसाठी रंकाळा तलावाचं पाणी दुपारी तीनला घेतलं, डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) ११, बीओडी (घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) १४ आणि सीओडी (तीच घाण रसायनाने जाळायला लागणारा ऑक्सिजन) ६० आला, सगळे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. मग ऑक्सिजन एवढा असताना त्याची मागणीही जास्त कशी? मी कोल्हापुरातच पाणी तपासायच्या लॅबमध्ये आहे. मला तुमच्या आकड्यांत खटकतो तो ११, कारण तो जरा जास्तच चांगला आहे.

२७ अंशांना हवेतून पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन विरघळतो. आपलं गाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर वर, त्यामुळे इथे साडेसातच्या आसपासच. मग वरचे साडेतीन आले कुठून? शेवाळाकडून. उन्हात ते ऑक्सिजन सोडत राहतं आणि पाणी हिरवं असेल तर दुपारी आकडा असाच फुगतो. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन ओढतं, म्हणून पहाटे डीओ तळाला जातो. अशा तळ्यातले मासे बहुधा पहाटेच मरतात ते यामुळेच.

डीओ म्हणजे गल्ल्यात आत्ता किती रोकड आहे ते, आणि बीओडी म्हणजे देणं किती आहे ते. गल्ला भरलेला दिसला म्हणून देणं फिटलं असं होत नाही.

बीओडीत पाणी बाटलीत बंद करून अंधारात ठेवतात आणि जिवाणूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते बघतात. पुस्तकात ५ दिवस, २० अंश असतं. आपल्याकडच्या मानकात ३ दिवस, २७ अंश. रिपोर्टवर यातलं कुठलं आहे ते बघाच, नाहीतर तुलना फसते. बाटलीत मुळात साडेसातच ऑक्सिजन, मग १४ कसा मोजणार? पाणी पातळ करून. ३०० मिलीच्या बाटलीत ६० मिली नमुना, बाकी हवा खेळवलेलं डायल्यूशन वॉटर. डीओ ७.४ वरून ४.६ झाला तर घट २.८, गुणिले ५ (कारण नमुना पाचपट पातळ केलाय), झाले १४. शेवटी निदान १ शिल्लक आणि निदान २ खर्च झालेला हवा, नाहीतर ती बाटली धरत नाहीत. अंधारात शेवाळही श्वास घेतं, त्यामुळे तुमच्या १४ मध्ये त्याचाही वाटा असणार.

सीओडीत जिवाणू नाहीत. डायक्रोमेट (ऑक्सिजन पुरवणारं रसायन) आणि सल्फ्युरिक ॲसिडमध्ये नमुना १५० अंशांना दोन तास उकळायचा. जिवाणूंना न पचणारंही त्यात जळतं, म्हणून तो बीओडीपेक्षा मोठाच येतो; उलटं आलं तर खुशाल लॅबशी भांडा. (उरलेल्या द्रावणात पारा असतो, ते बेसिनमध्ये ओतू नका. कॉलेजात सर्रास ओततात.)

आंघोळीच्या पाण्याला डीओ ५ किंवा जास्त आणि बीओडी ३ पर्यंत असा निकष आहे. तुमचं पाणी पहिल्यात पास, दुसऱ्यात साफ नापास. प्रोजेक्टमध्ये दोन्ही लिहा, वेळेसकट. नमुन्याची वेळ नसलेला डीओचा आकडा मी तरी मनावर घेत नाही.

जमलं तर उजाडायच्या आत त्याच जागेवर पुन्हा जा. बाटली पाण्याखालीच भरा, बुडबुडा राहू देऊ नका, आणि ऑक्सिजन बांधून ठेवणारी दोन रसायनं, मँगनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइड-अझाइड, काठावरच घाला. लॅबपर्यंत थांबलात तर आकडा बदलतो. बूच लावून उलटसुलट केल्यावर तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ शून्य, टायट्रेशनची (लॅबमध्ये थेंब-थेंब द्रावण घालून मोजण्याची) वाटही बघायला नको. बीओडीची बाटली मात्र वेगळी, तिच्यात यातलं काही न घालता बर्फात ठेवून आणायची. दुपारचं पाणी असेल तर बीओडी लावण्याआधी हलवून जादाचा ऑक्सिजन काढून टाकतात. तुमच्या लॅबने तो काढला होता का, एवढं विचारून घ्या.