शाळेत स्पीकर असताना गवई कशाला?

प्रश्न : मी तासगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत शिकवते. मिरजेहून महिन्यातून दोनदा एखाद्या कलाकाराला बोलवूया असं मी पालकसभेत सुचवलं, तर म्हणाले की मॅडम, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, शाळेत स्मार्ट टीव्ही पण आहे, मग मानधन कशाला द्यायचं? काय सांगू त्यांना?
– एक शिक्षिका, तासगाव

उत्तर : ताई, त्यांना एवढंच सांगा की टीव्ही गाणं ऐकवतो, पण तुमच्या पोराचं गाणं तो ऐकत नाही. सगळा फरक इथंच आहे. पोरगं सा लावतं, जरा खाली राहतं, त्याला ते कळतही नाही, आणि समोर बसलेला माणूस तिथंच थांबवतो, हाताने वर वर अशी खूण करतो, परत म्हण म्हणतो, आणि दोन-तीनदा झालं की सूर तानपुऱ्यात मिसळतो आणि पोराचा चेहराच बदलतो. हे व्हिडिओत होणं शक्यच नाही.

आणि तुम्ही मिरजेच्या एवढ्या जवळ आहात हो! १९व्या शतकापासून तिथं सतारी-तानपुरे बनतात, २०२४ मध्ये त्यांना जीआय मानांकन (ही वस्तू याच गावची, अशी सरकारी ओळख) पण मिळालं. थोर गायक विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेचेच होऊन राहिले, त्यांच्या नावाने तिथल्या दर्ग्यात अजून दरवर्षी गाणं होतं. आणि आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी पोरांनी तानपुऱ्याला अजून हातसुद्धा लावलेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आता कसं करायचं ते. गॅदरिंगसारखा कार्यक्रम नको. स्टेज नको, माईक तर नकोच. एका वेळी एकच वर्ग, सतरंजीवर, कलाकाराच्या अगदी जवळ. तानपुरा आधीच जुळवून आणू नका, पोरांसमोर जुळवायला सांगा, कारण खरा तास तोच. खुंटी पिळली की तार चढते, मग तारेत ओवलेला मणी जरासा सरकवून बारीक फरक काढायचा, मग घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) तारेखाली सुती दोरा पुढेमागे करत जवारी लावायची, आणि एका जागी दोरा आला की साधी टणटण करणारी तार एकदम गुंजायला लागते. पोरांना तो दोरा स्वतः सरकवू द्या. तुंबा, म्हणजे तानपुऱ्याचा खालचा गोल भाग, भोपळ्याचा असतो, तो मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, हे सांगितलं की शेतकऱ्याची पोरं पन्नास प्रश्न विचारतात, विचारू द्या, त्या दिवशी एकही राग शिकवून झाला नाही तरी चालेल.

कलाकार मात्र दर वेळी तोच हवा. नवीन माणूस आला की पोरं नुसती बघत बसतात, ओळखीचा झाला की गायला लागतात.

पैशाची अडचण असेल तर गावातलं भजनी मंडळ आहेच की! पखवाजवाल्या बाबांना बोलवा, डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर आवाज कसा खाली जातो ते ते दाखवतील, थोडी काढून फरक पण ऐकवतील. हलगीवाला बोलवा, शाहीर बोलवा. १९७७ पासून शाळा-कॉलेजात कलाकार नेणारी स्पिक मॅके ही संस्था पण आहे, त्यांच्याकडेही विचारून बघा. दहावीच्या वाढीव गुणांचा विषय पालक काढतीलच, शास्त्रीय संगीताला ते मिळतात हे खरंय, पण पाचवीच्या पोराला त्यासाठी बसवू नका, त्याला आधी गोडी लागू दे.

प्रश्न : मुलगा चौथीत आहे, मोबाईलवरच्या तबल्याच्या ॲपवर तासन्‌तास वाजवतो. क्लास लावू का तेच चालू ठेवू?
– एक पालक, कराड

उत्तर : क्लास लावा, या आठवड्यातच लावा. काचेवर बोट कुठंही पडलं तरी ॲप ठरलेला आवाज देतं, खऱ्या तबल्यावर चाटीवरचा (कडेचा) ना आणि शाईवरचा (मधल्या काळ्या भागावरचा) तूं हे बोल हाताने शोधावे लागतात, आणि चुकीची बोटं एकदा बसली की ती मोडायला गुरुजींना फार त्रास होतो. लगेच तबला-डग्ग्याची जोडी विकत घेऊ नका, सुरुवातीला क्लासमधल्यावरच वाजवू दे, आणि जमेल तेव्हा तुम्ही पण तासाला मागे बसा.