वाचकांचे प्रश्न : छोटी जोरदार गाडी घेताय? टेस्ट ड्राईव्ह तुमच्या रस्त्यावर घ्या

या वेळी आलेल्या पत्रांत बरेच प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरतायत, छोटी पण जोरात पळणारी हॅचबॅक, म्हणून ते सगळे एकत्र घेतलेत.

प्रश्न : नमस्कार. मी बेळगावात अनगोळला राहतो, उद्यमबागला मशीन शॉपमध्ये कामाला आहे. पहिलीच गाडी घ्यायलोय. डोक्यात ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाईन आहे, टाटाची आल्ट्रोझ रेसर पण आवडते, घरचे म्हणतात गप स्विफ्ट घे. परवा शोरूमला गेलतो तर त्यांनी हायवेला नेऊन पाच-दहा मिनिटांत परत आणलं, सेल्समन पूर्ण वेळ बोलत होता, मला गाडी भारीच वाटली. घरी आल्यावर आईनं विचारलं, मागं बसायला कशी आहे, तर मला सांगताच येईना. शनिवार-रविवार आम्ही जांबोटीकडं गावी जातो, आई-बाबा बरोबर असतात. टेस्ट ड्राईव्ह नेमकी कशी घ्यायची?

उत्तर : आईनं नेमकं विचारलं बघा. हायवेला सरळ पळवली की या तिघींतली कुठलीही गाडी भारीच वाटणार, टर्बोचा, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबणाऱ्या पंख्याचा, जोर ही सगळ्यात पटकन आवडणारी गोष्ट आहे आणि शोरूमवाल्यांना ते पक्कं ठाऊक असतं. तुम्हाला बघायचंय ते वेगळं. ही गाडी आठवडाभर अनगोळ-उद्यमबाग करणार आणि शनिवारी आई-बाबांना घेऊन गावी जाणार, मग तिची परीक्षा पण त्याच रस्त्यावर झाली पाहिजे.

परत जा, या वेळी आधी फोन करून सकाळची पहिली वेळ मागा आणि आई-बाबांना बरोबर न्या. पहिली वेळ कशाला तर इंजिन गार मिळतं. बॉनेटवर हात ठेवून बघा, गरम लागलं तर कुणीतरी आधीच फिरवून आणलेली आहे असं समजा आणि दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. तिन्ही गाड्यांना तीन सिलेंडरचं इंजिन आहे, 2024 ला आलेल्या नव्या स्विफ्टला पण, त्यामुळे गार असताना थोडी थरथर येणारच, ती सीटमधून आणि क्लचच्या पेडलमधून तुमच्यापर्यंत किती पोचते आणि तुम्हाला ती चालते का एवढं बघायचं. गाणी बंद, एसी चालू, आणि सेल्समनदादांना नम्रपणे मागं किंवा बाजूला बसून जरा शांत राहायला सांगा. माहिती शोरूममध्ये बसून पण घेता येते.

निघायच्या आधी एक काम अजिबात सोडू नका, टायरची हवा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर किती पाहिजे ते लिहिलेलं असतं. डेमो गाडीत कधी जास्त भरलेली असते, कधी महिनाभर कुणी बघितलेलीच नसते. हवा जास्त असली तर चांगली सस्पेन्शन पण दगडासारखी कडक लागते, कमी असली तर कडक गाडी उगाच मऊ वाटते, आणि एन लाईन किंवा रेसरसारख्या गाडीत नेमका हाच तर निर्णय घ्यायचा असतो की हा कडकपणा आपल्या आई-बाबांना रोज झेपणार का.

आता रस्ता. हायवेला जाऊच नका आधी. शोरूममधून काँग्रेस रोड, तिथून गर्दीत एक फेरी, शनिवार खूट-खडेबाजारच्या बाजूला, मग खानापूर रोडनं उद्यमबाग, पिरनवाडीच्या नाक्यावरून उजवीकडं जांबोटीचा रस्ता धरा आणि किणयेपर्यंत तरी जाऊन या. एवढं लांब कशाला असं म्हणतील, तर सांगा की लाखोंची गाडी घ्यायलोय, पेट्रोल मी टाकतो. बहुतेक जण तयार होतात, आणि नाहीच झाले तर दुसऱ्या शोरूमला किंवा हुबळीला फोन लावा, तुमचा अधिकार आहे तो.

गर्दीत बघायचं ते क्लच आणि दुसरा गिअर. दुसऱ्या गिअरवर चालत्या माणसाच्या वेगानं गाडी सरकवा आणि अ‍ॅक्सिलरेटर हळूच द्या, गचके देते का, बंद पडायला बघते का. छोट्या टर्बो इंजिनला खालच्या आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला फेरे) जीव कमी असतो, टर्बो फिरायला लागेपर्यंत ते साधं छोटं इंजिनच असतं, आणि तुमच्या रोजच्या प्रवासातला अर्धा वेळ गाडी नेमकी त्याच आरपीएमला राहणार आहे. आकड्यांत सांगायचं तर एन लाईन 998 सीसी, 120 पीएस (ताकद), 172 एनएम (ओढ) आणि ती पूर्ण ओढ 1500 आरपीएमपासून मिळते असं कंपनी सांगते, रेसर 1199 सीसी, 120 पीएस, 170 एनएम आणि 1750 पासून. स्विफ्टला टर्बो नाही, 1197 सीसी, 82 पीएसच्या आसपास, 112 एनएम. कागदावर पहिल्या दोघी जुळ्या बहिणी वाटतात पण पायाखाली त्या सारख्या नाहीत आणि हे दुसऱ्याच गिअरला कळतं.

पिरनवाडीच्या पुढं गेलात की खरी परीक्षा. कारखान्याच्या हंगामात आपल्याकडं काय असतं तुम्हाला सांगायला नको, पुढं दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर, समोरून एसटी नाहीतर कर्नाटकाची बस, मधे जेमतेम जागा. अशा ट्रॅक्टरच्या मागं तिसऱ्या गिअरवर पस्तीस-चाळीसला चालत राहा, रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला की गिअर न बदलता अ‍ॅक्सिलरेटर दाबा आणि मनात मोजा, पाय दाबल्यापासून गाडी खरी ओढायला लागेपर्यंत किती वेळ गेला. मग मागचा तोच प्रयोग गिअर खाली घेऊन करा. टर्बो गाडीसाठी जास्तीचे पैसे द्यायचे ते यासाठी, समोरच्या बाजूला कमी वेळ राहावं म्हणून, शंभर-सव्वाशे स्पीडसाठी नव्हे. स्विफ्टमध्ये हीच गोष्ट गिअर टाकून, आधीपासून ठरवून करावी लागते. ती हलकी आहे, गावात चालवायला फार गोड गाडी आहे, पण चार माणसं आणि एसी असताना चढाला ओव्हरटेक करताना फरक जाणवणारच.

ब्रेक मागं कुणी नाही बघून साठवरून एकदा जोरात मारून बघा, आधी सगळ्यांना सांगून आणि बेल्ट लावून. गाडी सरळ थांबते का, पेडल किती खोल जातं. एन लाईनला चारी चाकांना डिस्क आहेत, रेसरला मागं ड्रम. आणि प्रत्येक गावाच्या तोंडाला जो हंप आहे, पांढरे पट्टे न मारलेला, तो आई मागं बसलेली असताना नेहमीच्या वेगानं घ्या आणि तिला विचारा. सेल्समनला विचारू नका.

आईला मागच्या सीटवर चढ-उतार पण करायला लावा, एकदा नाही दोन-तीनदा. आल्ट्रोझची दारं नव्वद अंशात उघडतात, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते फार मोलाचं आहे, आणि 2020 ला आल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत सुरक्षेचे पाच स्टार मिळालेत हे पण घरच्यांना सांगायला हरकत नाही. माझं मत स्पष्ट सांगतो, चालवायला मला एन लाईन मॅन्युअल जास्त आवडते, स्टिअरिंग आणि ब्रेकवर भरवसा बसतो, पण आईला तिच्यात उतरताना दाराला धरून उठावं लागत असेल तर रेसर घ्या, मनात शंका ठेवू नका. फक्त रेसरचा स्टॉक कुठल्या महिन्यात बनलेला आहे ते चेसिस नंबरवरून विचारून घ्या, यार्डात बरेच दिवस उभी असलेली गाडी असेल तर बॅटरी-टायर नीट बघा आणि तेवढी सूट मागा.

प्रश्न : मी खानापूरची. गाडी मी चालवणार, नवरा चालवत नाही. दोन शोरूमला गेलो तर चावी प्रत्येक वेळी यांच्याच हातात दिली. मला एन लाईन बघायची आहे पण मॅन्युअल का ऑटोमॅटिक कळेना. माहेर गोव्यात, चोर्ला घाटानं महिन्यातून एकदा जाणं असतं.

उत्तर : ताई, ज्या माणसाला गाडी कोण चालवणार हे विचारायचं सुचत नाही त्याच्याकडून पुढं पाच वर्षं सर्व्हिस घ्यायची आहे, हे लक्षात ठेवून शोरूम निवडा. लायसन्स ओरिजिनल बरोबर ठेवा, फोनवरच सांगा की टेस्ट ड्राईव्ह माझ्या नावानं लिहा. सही करायला फॉर्म देतात तो वाचा, गाडीला काही लागलं तर खर्च कुणाचा ते त्यात असतं.

बसल्यावर पहिलं काम सीट. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पोचलं पाहिजे, आणि छाती स्टिअरिंगपासून वीतभरापेक्षा जास्त, साधारण पंचवीस सेंटीमीटर तरी लांब, एअरबॅगसाठी. हे तिन्ही एकदम जमत नसेल तर ती गाडी कितीही छान असली तरी तुमच्यासाठी नाही.

एन लाईनची ऑटोमॅटिक म्हणजे सात गिअरची डीसीटी, गिअर स्वतः बदलणारा दोन क्लचचा गिअरबॉक्स, आणि ते क्लच ड्राय असतात, तेलात बुडालेले नाहीत. मोकळ्या रस्त्याला अप्रतिम चालते, पावसात कणकुंबीच्या धुक्यात हात-पाय मोकळे राहतात याचा फार आधार वाटतो. पण चढाला ट्रकच्या मागं इंच-इंच सरकताना नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली तर क्लच तापतात, डॅशबोर्डवर वॉर्निंग पण येऊ शकते. त्यामुळे ब्रेक धरून थांबायचं, पुढं दोन गाड्यांची जागा होऊ द्यायची आणि मग एकदम निघायचं. ही सवय लागणार असेल तर डीसीटी खुशाल घ्या. टेस्ट ड्राईव्हला कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावर चढाला थांबा, ब्रेक सोडा, मागं सरकते का बघा, मग परत निघा, असं एक-दोनदा. घाट उतरताना लागतं ते पण शोरूमकडून शिकून घ्या, स्टिअरिंगमागच्या पॅडलनं गिअर खाली कसा आणायचा, म्हणजे सगळा भार ब्रेकवर येत नाही. मॅन्युअलचा क्लच हलका आहे, पण बेळगावात बाजाराच्या दिवशी अर्धा तास चालवल्यावर डावा पाय काय म्हणतो ते बघूनच ठरवा.

प्रश्न : निपाणीहून लिहितोय. कोल्हापूर आम्हाला बेळगावपेक्षा जवळ. तिकडं टेस्ट ड्राईव्ह घेतली, गाडी पण तिथंच घेऊन एमएच-09 पासिंग केलं तर टॅक्स वाचतो म्हणतात. करू का?

उत्तर : टेस्ट ड्राईव्ह कोल्हापूरला घ्या, गाडी पण तिथून घ्या, पण पासिंग इकडचं, केए-23 करा. टॅक्समध्ये फरक आहे हे खरं, पाच ते दहा लाखांच्या पेट्रोल गाडीला कर्नाटकात 14 टक्के आणि टॅक्सवर सेस, महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत 11 टक्के. पण कायद्यानं गाडी जिथं नेहमी ठेवणार तिथंच नोंदवायची असते आणि दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावाच लागतो. म्हणजे नातेवाईकाचा पत्ता लावून वाचवलेले पैसे पुढं इकडचा टॅक्स, एनओसी (आरटीओचा ना-हरकत दाखला) आणि तिकडच्या रिफंडच्या हेलपाट्यात जातात, वर नाक्यावर थांबवलं की घरच्यांसमोर वाद. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरच्या आतल्या, 1200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आलाय, या तिन्ही गाड्या त्यात बसतात, तो फायदा दोन्हीकडं सारखाच. निपाणीच्या पुढं तवंदी घाटात चढाला गाडी कशी ओढते ते बघायचं असेल तर शोरूमला आधी विचारा, एवढ्या लांब डेमो गाडी सगळे देत नाहीत.

प्रश्न : म्हापशाला एक 2017 ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय मिळायलीय, किंमत बरी वाटते. मी बेळगाव कॅम्पमध्ये राहतो. जुन्या गाडीची टेस्ट ड्राईव्ह वेगळी असते का?

उत्तर : पूर्ण वेगळी. नव्या गाडीत ती तुम्हाला जमते का बघायचं, जुन्या गाडीत ती काय लपवतेय ते शोधायचं. 2017 म्हणजे 1.2 टीएसआय, 105 पीएस आणि सात गिअरचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक, हा पण ड्राय क्लचवालाच. 2020 पासूनच्या 1.0 टीएसआय ऑटोमॅटिकला साधा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा) आला, तो प्रकार निराळा. आणि पोलो 2022 ला भारतात बंद झाली, म्हणजे पार्ट मिळतात पण गिअरबॉक्सचं मोठं काम निघालं तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानानं जड जातो.

गाडी आधी पाऊण तास चालवून पूर्ण गरम करा, मगच गर्दीत न्या. पहिल्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात जाताना थरथर, धक्का किंवा लोखंडी टक असा आवाज येतो का. ब्रेक धरून डी मधून आर, आर मधून डी, चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी गिअर पडायला सारखाच वेळ लागला पाहिजे. चढाला रिव्हर्स घ्या. मालक म्हणाला की ही सवयच आहे या गाडीची, तर थँक्यू म्हणून घरी या.

गोव्याची गाडी आहे म्हणून लिफ्टवर चढवल्याशिवाय पुढं बोलू नका. समुद्राकाठच्या हवेनं गंज खालून धरतो, वरून पॉलिश मारलेली असते. दाराच्या खालच्या कडा, सस्पेन्शनचे नट-बोल्ट, सायलेन्सरचे जोड, स्पेअर व्हीलखालचा पत्रा, हे टॉर्च मारून बघा, खाली नवा काळा रंग मारलेला दिसला तर तो कशावर मारलाय ते विचारा. सर्व्हिसचे कागद नुसते बघू नका, त्यावरचं किलोमीटर वर्षाप्रमाणं चढत गेलंय का ते ताळून घ्या. बँकेचा बोजा आरसीवर असेल तर तो उतरवून आणायचं काम विकणाऱ्याचं, आणि गोव्याच्या आरटीओची एनओसी हातात पडेपर्यंत टोकनपेक्षा एक रुपया जास्त देऊ नका, कारण कर्नाटकातला टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं तुम्हालाच भरायचाय, तो आकडा आधी आरटीओत विचारून किमतीत धरा.