लाल रेघ ओढण्याआधी

पोरी,

विकायच्या घोड्यांची तुझी यादी पोचली. सोळाशे मीटरला दम तुटला म्हणून त्या गाभण घोडीच्या नावावर लाल रेघ. बरं. पण आधी मुमताज महाल नावाच्या घोडीची कहाणी ऐक.

१९२२ साली इंग्लंडात डॉन्कास्टरच्या लिलावात ती ९,१०० गिनींना गेली, तिसऱ्या आगा खानांसाठी. पुण्यातला आगा खान पॅलेस ज्यांनी बांधला, तेच. रंग ग्रे, बाप द टेट्रार्क. दोन वर्षांची असताना सहापैकी पाच रेस मारल्या, ॲस्कटची क्वीन मेरी तर दहा लेंग्थनी, म्हणजे दहा घोड्यांच्या लांबीइतक्या फरकानं! पुढच्या वर्षी वन थाउजंड गिनीज या शर्यतीत मात्र, एका मैलात, म्हणजे तुझ्या सोळाशे मीटरलाच, प्लॅक नावाच्या घोडीनं तिला मागं टाकलं. मग ती छोट्या अंतरावर परतली आणि यॉर्कची नंथॉर्प जिंकली. एकूण दहात सात.

तुझ्या नियमानं ती बाद. आगा खानांनी तिला गेन्सबरोकडे पाठवलं, तिहेरी मुकुटवाला, म्हणजे तीन मानाच्या शर्यती मारलेला, लांब पल्ल्याचा घोडा. मुलगी झाली माह महाल. तिला डर्बीविजेता ब्लेनहाइम दिला, आणि त्या जोडीचा महमूद १९३६ची डर्बी विक्रमी वेळेत जिंकला. दीड मैल! आजीला एक मैल जड गेला होता.

दुसरी मुलगी मुमताज बेगम. तिचा नसरुल्ला, त्याचा बोल्ड रुलर, त्याचा सेक्रेटॅरियट, अमेरिकेचा तिहेरी मुकुटवाला. तिसरी रुस्तम महाल, तिच्या ॲबरनंटनं आजीची नंथॉर्प दोनदा मारली. गंमत अशी की मुमताजच्या पोटच्या एकाही शिंगरानं क्लासिक, म्हणजे डर्बी-गिनीजसारखी मानाची शर्यत, जिंकली नाही. 'खाण तशी माती' म्हणणारा तिथंच कंटाळला असता.

मी कंटाळलो होतो. एका घोडीचं पहिलं शिंगरू पायात वाकडं, दुसरं आळशी. विकली. काही वर्षांनी तिच्या नातीनं महालक्ष्मीला आमच्याच घोड्याला हरवलं. मी रेलिंगपाशी उभा, तिकिटाची घडी घालत.

तेव्हा तुझ्या घोडीचा दम कुठं तुटला तेवढंच पाहू नकोस. हजार-बाराशे मीटरपर्यंत ती कुठं होती? आई, बहिणी काय पळाल्या? आणि पुढच्या खेपेला दमाचा घोडा निवड.

सडांवर मेण, म्हणजे चिकाचे सुकलेले थेंब, दिसतंय म्हणतेस, म्हणजे आज-उद्याच विणार. दिवा बारीक ठेव, आत गर्दी नको. शिंगरू धडपडेल, पडेल, लगेच हात लावू नकोस. तासाभरात उभं राहिलं नाही किंवा दोन तासांत प्यायलं नाही, तर डॉक्टरांना उठव.

मादी निघाली तर मला उठव.

तुझा,
काका