साध्या कॉलेजातून बीई मेकॅनिकल आणि पुढे आयआयटीत एमटेक

तू विचारलंयस की थर्ड इयर मेकॅनिकल, सीजीपीए 6.8, एक बॅकलॉग निघालेला, कॉलेज तालुक्याच्या गावातलं, तर एमटेकचा विचार करावा की सोडून द्यावा. अजिबात सोडू नकोस. मी पण असल्याच कॉलेजचा, वर्कशॉपमधल्या अर्ध्या लेथ बंद असायच्या.

एमटेकच्या प्रवेशासाठी गेट ही परीक्षा असते, आणि तिच्या पेपरला तुझं कॉलेज कुठलं ते माहीत नसतं. 65 प्रश्न, 100 मार्क, तीन तास. त्यात अ‍ॅप्टिट्यूडचे 15 आणि मॅथ्सचे 13, म्हणजे 28 मार्क असे की ज्यात मेकॅनिकलचा एक शब्द नाही, आणि आपली पोरं नेमकं तेच शेवटच्या महिन्यावर ढकलतात. तू तिथूनच सुरू कर. थर्ड इयरला पण परीक्षा देता येते, यंदा देऊनच टाक, स्कोअर तीन वर्षं चालतो. क्लासची फी झेपत नसेल तर एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्रोफेसरांची लेक्चर्स फुकट आहेत, मी थर्मो सगळं तिथूनच केलं.

आता माझी चूक सांगतो, ती तू करू नकोस. स्कोअर बरा आला, कोॲपवर, म्हणजे आयआयटींच्या ऑफर्सच्या पोर्टलवर, रजिस्टर केलं आणि वाटलं झालं काम, आता ऑफर येईल. तसं नसतं रे! कोॲप फक्त ऑफर दाखवतं, फॉर्म प्रत्येक आयआयटीचा वेगळा, त्यांच्या त्यांच्या साईटवर भरायचा, आणि मला कळलं तोवर तारखा गेलेल्या. सांगणारं कुणी नव्हतं, घरात मी पहिलाच इंजिनिअर. वर्षभर चाकणला शिफ्टमध्ये काम केलं आणि पुढच्या वर्षी त्याच स्कोअरवर सगळीकडे फॉर्म भरले. एनआयटीचं वेगळं असतं, तिथं सीसीएमटीचा, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र प्रवेशाचा, एकच फॉर्म, ओपनला 6.5 सीजीपीए किंवा 60 टक्के लागतात, म्हणजे तू बसतोस त्यात.

आणि नुसत्या कटऑफकडे बघू नकोस. आयआयटी बॉम्बेला टीए, म्हणजे टीचिंग असिस्टंट म्हणून केलेलं एमटेक, दोन वर्षांचं असतं तसं आरए तीन वर्षांचं पण असतं, रिसर्च असिस्टंट, लॅबचं काम सांभाळत एमटेक. माझा इंटरव्ह्यू आरएचाच होता. मी प्रोजेक्टचं पाठ करून गेलेलो आणि सरांनी बोर्डवर कँटिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्का धरलेला बीम, काढला, म्हणाले बेंडिंग मोमेंट डायग्राम काढ, मग लोड मध्यावर सरकवला, आता काय बदलेल सांग. पंधरा मिनिटं तेवढंच. सीजीपीए कुणी विचारला नाही.

पैशाचं पण सांगतो, कारण घरी पहिला प्रश्न तोच येणार. गेटवरून एमटेक केलं तर महिन्याला 12,400 स्टायपेंड मिळतो. मेसचं भागून माझे थोडे घरी पण जायचे, आईला वाटायचं पोराला नोकरीच लागली.

आधी गेटच्या एका जुन्या पेपरातले मॅथ्सचे प्रश्न घड्याळ लावून सोडव आणि किती आले ते इथं टाक, मग कुठला विषय आधी घ्यायचा ते बघू.