दुपारी १२ वाजले की नेटवर्क गुल

प्रश्न: नमस्कार दादा. आमचं सावद्याला केळी खरेदीचं ऑफिस आहे. आत ६ कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि मागच्या बाजूला वजनकाट्याच्या केबिनमधे अजून एक कॉम्प्युटर. मार्च लागला तेव्हापासून रोज दुपारी १२-साडेबाराला नेटवर्क बंद पडतं आणि ४ नंतर आपोआप नीट होतं, सकाळी मात्र काहीच तक्रार नाही. गाड्या काट्यावर उभ्या, शेतकरी हिशोबाच्या पट्टीसाठी ताटकळलेले, "अजून किती येळ लागीन व ताई" हे दिवसातून पन्नास वेळा ऐकते. ज्यांना बोलावतो ते येतात, राऊटर बदलतात (२ वेळा बदलून झाला), कॉम्प्युटर फॉरमॅट करतात, चार दिवस चालतं की परत तेच. नेटवर्कचा स्विच (सगळ्या कॉम्प्युटरच्या केबल जोडलेली डबी) बंद करून चालू केला की १०-१५ मिनिटं चालतो. काट्यावरचा कॉम्प्युटर तर कधीपण जातो, रात्रीसुद्धा. प्रिंटर सोमवारी सकाळी सापडतच नाही. आणि एक गंमत म्हणजे एकाच टेबलावरचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत पण इंटरनेट दोघांवर चालू असतं. आता ते म्हणतायत सगळं वायफाय करून टाका. करू का खर्च?
— एक वाचक भगिनी, सावदा

उत्तर: ताई, आधी एक करा, अजून एक रुपयाचंही सामान घेऊ नका. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला त्यात एक बिघाड दिसत नाहीये, चार दिसतायत, आणि चारही एकमेकांत मिसळल्यामुळे जो माणूस येतो तो गोंधळतो आणि हाताला लागेल ते बदलून जातो. राऊटर बदलला त्या दिवशी ढग आले असतील किंवा त्या धावपळीत कोणीतरी स्विच हलवला असेल, म्हणून चार दिवस बरं वाटलं. ते बरं होणं नव्हतंच. छोट्या ऑफिसांचा पैसा असाच जातो आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायला बहुतेक वेळा काहीच खर्च लागत नाही.

दुपारचं आधी घेऊ. तुमचा स्विच कुठे ठेवलाय ते लिहिलं नाही तुम्ही, पण माझा अंदाज आहे की माळ्यावर किंवा पत्र्याच्या खाली, लाकडी खोक्यात, स्टॅबिलायझरच्या शेजारी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तिथेच असतो. हे छोटे प्लास्टिकचे स्विच साधारण ० ते ४० अंश तापमानासाठी बनवलेले असतात, डब्यावर किंवा सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. आता जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमधे सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, मग पत्र्याखाली बंद खोक्यात काय होत असेल विचार करा. स्विच तापला की मेला असं होत नाही, लाईट लागलेलेच राहतात, लुकलुकतातसुद्धा, पण आतून पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पुढे जात नाहीत, म्हणून बघणाऱ्याला वाटतं स्विच चांगलाय आणि राऊटर खराब आहे. बंद-चालू केल्यावर १०-१५ मिनिटं चालतो हे तुम्ही लिहिलंत ना, त्या एका वाक्यावरूनच माझा संशय पक्का झाला. स्विचच्या सोबत त्याचा ॲडॉप्टरपण बघा, उन्हाळ्यात त्यातले कपॅसिटर सुकतात, व्होल्टेज कमी पडायला लागतं आणि लक्षणं हुबेहूब हीच दिसतात.

उद्या सकाळी स्विच खाली काढून टेबलावर ठेवा, केबल आखूड पडल्या तर खुर्चीवर ठेवा, आणि त्याच्यावर साधा टेबलफॅन लावा. ४ पर्यंत नेटवर्क गेलं नाही तर कारण सापडलं. तरीही गेलं तर त्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा दुसरा ॲडॉप्टर लावून बघा, पण एका दिवशी एकच गोष्ट बदला, दोन बदलल्या की कोणत्या बदलाने फरक पडला हे कळायचा मार्गच राहत नाही.

बिघाड ऑफिसच्या आत आहे की बाहेर, हेही याच वेळी बघून घ्या. एका कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडा. एकीत राऊटरला पिंग लावा, म्हणजे तो उत्तर देतोय का हे विचारणारी कमांड; इंग्रजीत ping लिहून पुढे राऊटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, शेवटी स्पेस देऊन डॅश आणि इंग्रजी छोटा टी टाका म्हणजे ते थांबत नाही. दुसरीत तसंच ८.८.८.८ ला लावा, हा बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता आहे. सकाळी लावून ठेवा आणि १२ वाजता बघा. राऊटर उत्तर देतोय, १ मिलिसेकंदाच्या आत देतोय, पण ८.८.८.८ गप्प, तर ऑफिस ठीक आहे आणि बाहेरून येणारी लाईन गेली, इंटरनेटवाल्याला फोन करा. राऊटरच उत्तर देत नसेल तर इंटरनेटवाल्याला कितीही फोन करून काही होणार नाही, दुखणं घरातच आहे. मग एक लॅपटॉप स्विचला वगळून सरळ राऊटरला लावा. तिथे चालला म्हणजे स्विच किंवा पुढच्या केबलमधे गडबड. असं अर्धं-अर्धं तोडत गेलं की अर्ध्या तासात बिघाडाच्या जागेवर पोचता येतं.

काट्याचा कॉम्प्युटर रात्रीपण जातो म्हणजे तिथे गरमीचा संबंध नाही, तिथे केबल. ऑफिस ते काटा अंतर मोजा, तांब्याची नेटवर्क केबल एका तुकड्यात जास्तीत जास्त १०० मीटर चालते, त्याच्या पुढे भरवसा नाही. दुसरं म्हणजे केबलचा एक टोकाचा तुकडा कापून आतली तार चाकूने खरवडा. आत पांढरी चकाकी दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, स्वस्त मिळते म्हणून सर्रास टाकतात, पण तिचा रेझिस्टन्स जास्त आणि दोन-चारदा वाकली की आतल्या आत तुटते. वरचं कव्हर राखाडी, साधं, घरातलं असेल तर आपल्या उन्हात ते एक-दोन उन्हाळ्यात तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत जातं. अमळनेरकडच्या एका जिनिंगमधे मी अशीच एक लाईन शोधायला ३ दिवस घालवले. गेटवरून ऑफिसकडे जाणारी केबल खाली लोंबकळत होती, कापसाची उंच भरलेली गाडी खालून गेली की तिला घासायची आणि लिंक जायची, रिकामी गाडी गेली की काही नाही. मी रोज सकाळी जायचो आणि भरलेल्या गाड्या यायच्या दुपारनंतर. शेवटी तिथल्या गेटवरच्या काकांनी सांगितलं की साहेब गाडी आत आली की हे जातं. त्यांना आधी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी काम झालं असतं. तेव्हापासून कुठेही गेलो की आधी तिथे बसणाऱ्या माणसाला विचारतो. तुमच्याकडेपण काट्यावरच्या माणसाला विचारा की कॉम्प्युटर जातो तेव्हा आजूबाजूला काय चालू असतं, मोटार चालू होते का, गाडी जाते का, वारा असतो का.

कनेक्टरचे रंगपण बघा, दोन्ही टोकांना पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काहीजण जोड्या सरळ ओळीने लावून टाकतात, नारंगी-नारंगी, हिरवा-हिरवा असं. दोन मीटरला ते चालून जातं, ७० मीटरला दगा देतं.

माझं मत विचाराल तर काट्यापर्यंत तांबं टाकूच नका, फायबर, म्हणजे काचेची तार, टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबरला साध्या नेटवर्क केबलशी जोडणारी डबी) लावा. जूनमधे वळवाच्या पावसात वीज कडाडली की उघड्यावरून गेलेल्या तांब्याच्या तारेतून झटका आत येतो आणि काट्याचा कॉम्प्युटर, स्विच, कधी कधी ऑफिसातलं निम्मं सामान जातं. काचेच्या तारेतून वीज येत नाही. फक्त लोखंडी तारेचा आधार असलेली फायबर घेतली तर ती तार बाहेरच तोडा, कन्व्हर्टरपर्यंत आणू नका. खर्च करायचाच असेल तर इथे करा.

एका टेबलावरचे दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत याचा अर्थ बहुतेक कोणीतरी जुना राऊटर मधे लावलाय, मोबाईलला वायफाय हवं म्हणून, आणि त्याच्या मागच्या पोर्टमधे एक कॉम्प्युटर जोडलाय. दोन्हींचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, बघा. एक १९२.१६८.१ वाला आणि दुसरा १९२.१६८.० वाला निघाला तर तेच. जुन्या राऊटरमधलं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटायची सोय) बंद करा, त्याला १९२.१६८.१.२ असा स्वतःचा आयपी द्या, आणि केबल त्याच्या वॅन पोर्टातून (बाहेरच्या लाईनचा) काढून लॅन पोर्टात (आतल्या कॉम्प्युटरचा) लावा. हा क्रम मोडू नका, डीएचसीपी चालू ठेवून लॅनला लावलात तर दोन राऊटर आयपी वाटायला लागतील आणि आत्तापेक्षा वाईट अवस्था होईल.

प्रिंटरचं सोपं आहे. रविवारी बंद असतो, त्याचा आयपी तेवढ्यात दुसऱ्याला जातो, सोमवारी त्याला नवीन मिळतो आणि कॉम्प्युटर जुन्या पत्त्यावर शोधत बसतात. राऊटरमधे त्याच्यासाठी एक आयपी राखून ठेवा, संपलं.

आणि वायफाय, नको. पत्र्याच्या शेडमधे सिग्नल कुठून कुठे परावर्तित होईल सांगता येत नाही, बिलाचे कॉम्प्युटर तारेवरच राहू द्या. हे सगळं नीट होईपर्यंत हिशोबाच्या डेटाचा बॅकअप रोज संध्याकाळी पेनड्राईव्हवर घ्या, कारण एंट्री चालू असताना नेटवर्क तुटलं तर फाईल बिघडू शकते. एक वही ठेवा, कधी गेलं, कोणाचं गेलं, परत कसं आलं, एवढं लिहा. १५ दिवसांनी ती वही बघून मला परत पत्र टाका.

प्रश्न: आमचं शिरपूरला कृषी सेवा केंद्र आहे, ४ कॉम्प्युटर, हिशोब एकाच मेन कॉम्प्युटरवर आणि बाकीचे त्याच्यावरून चालवतात. मालक जेवायला घरी गेले की बाकी सगळे बंद. ते येऊन बसले की परत चालू. कधी कधी आयपी १६९.२५४ असा काहीतरी दाखवतो.
— एक वाचक, शिरपूर

उत्तर: भाऊ, मेन कॉम्प्युटर झोपतोय. मालक उठून गेले, माऊस हलला नाही, तो स्लीपमधे गेला, आणि फाईल त्याच्यावरच असल्याने सगळेच अडकले. पॉवर सेटिंगमधे स्लीप नेव्हर करा, स्क्रीन बंद झाली तर चालेल. डिव्हाईस मॅनेजरमधे नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली पहिली टिकपण काढा, वीज वाचवण्यासाठी विंडोज ते कार्ड बंद करतं. १६९.२५४ ने सुरू होणारा आयपी म्हणजे कॉम्प्युटरने आयपी मागितला, कोणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक लावून घेतला. राऊटरपर्यंत त्याचं बोलणं पोचत नाहीये, आधी ती केबल आणि पोर्ट बदलून बघा. मेन कॉम्प्युटरला कायमचा आयपी द्या, पण राऊटर ज्या आकड्यांमधून आयपी वाटतो त्याच्या बाहेरचा.

प्रश्न: प्लॅन ४० एमबीपीएसचा घेतलाय, पण फाईल उतरवताना ५ च दाखवतं. फसवतायत का?
— एक वाचक, शहादा

उत्तर: नाही, पूर्ण मिळतंय तुम्हाला. प्लॅन मेगाबिटमधे असतो, डाऊनलोड मेगाबाईटमधे दाखवतं, आणि ८ बिटांचा १ बाईट. ४० भागिले ८, ५ झाले. हे ५ कधी २ वर आलं तर मात्र वायफायवर न बघता लॅपटॉप केबलने राऊटरला लावून मोजा, आणि तेव्हाही कमीच दिसलं तर तारीख-वेळेसकट स्क्रीनशॉट काढून कंपनीकडे तक्रार टाका.